आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. मेमधल्या वादळात अंगणातलं पर्पल मार्टिनचं (अमेरिकेतली एक मोठी पाकोळी) कप्प्याकप्प्यांचं घर खांबासकट पडलं, सगळी अंडी फुटली. पक्षी परत अंडी घालतील का, की हे वर्ष गेलंच?

घालतील. तुम्ही डॅलसजवळ राहता, वादळ मेमध्ये झालं आणि गेली ती अंडी, पिल्लं नव्हेत, म्हणजे चान्स चांगला आहे. फक्त खांब आजच्या आज उभा करा. वीकेंडची वाट बघू नका, आणि नवीन घर ऑर्डर करून ते येईपर्यंत थांबायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा.

कारण असं की या पाकोळ्या जागेला भयंकर चिकट असतात. हिवाळा ब्राझीलच्या बाजूला काढून एवढा समुद्र ओलांडून बरेचदा मागच्या वर्षीच्याच अंगणात उतरतात. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडे तर जवळजवळ सगळे मार्टिन माणसांनी लावलेल्या घरांतच राहतात, झाडातल्या ढोल्या त्यांनी केव्हाच सोडल्या. (चोक्टॉ, चिकसॉ हे अमेरिकेतले मूळनिवासी लोक या पक्ष्यांसाठी पूर्वीपासून वाळलेले भोपळे टांगायचे, आणि तो भोपळा म्हणजे आपल्याकडे मिरजेत तंबोऱ्याला लागतो त्याच जातीचा, हे कळल्यावर मला उगाचच भारी वाटलं होतं.)

आता अंगणात जाऊन नीट बघा. पडलेल्या घराकडे ते फिरकतसुद्धा नसतील. आमच्या शेजारी असाच खांब आडवा झाला होता तेव्हा दोन कप्प्यांतली अंडी चक्क शाबूत होती, पण माद्या खाली उतरायला तयार नाहीत, वर जिथे दार होतं बरोबर त्याच उंचीवर येऊन हवेतच फडफडायच्या, एक चक्कर मारायच्या की परत तिथेच. त्यांच्या दृष्टीने पत्ता म्हणजे ती हवेतली जागा. म्हणून खड्डा तोच, उंची तीच, घराचं तोंड पूर्वी होतं त्याच दिशेला, आणि कप्पे वेगळे झाले असतील तर जमेल तेवढे जुन्या क्रमाने लावा. घर दिसायला कसंही चालेल, तडे गेलेत तर डक्ट टेप मारा, तार बांधा, अगदीच चुरा झाला असेल तर दुकानातून प्लॅस्टिकचे भोपळे आणून त्याच खांबावर टांगा. फुटलेली अंडी आणि भिजलेला पालापाचोळा काढून टाका, तळाला पाइनची कोरडी पानं पसरा, वरचं काम ते स्वतः करतात. दाराशी चिखलाचा बांध घालतील, आणि मग एक दिवस चोचीत झाडाचं ताजं हिरवं पान घेऊन आत शिरताना दिसतील. ते पान दिसलं की समजा अंडी लवकरच.

वेळेचं गणित मात्र कडक आहे. रोज एक अशी 4 ते 6 अंडी, उबवायला 15 ते 18 दिवस, मग पिल्लं उडायला आणखी साधारण 4 आठवडे, म्हणजे पहिल्या अंड्यापासून धरून सात आठवडे गेले. दुसऱ्या खेपेला अंडी बहुतेक कमीच असतात. सगळ्याच जोड्या परत प्रयत्न करतील असंही नाही, काही तशाच निघून जातात. जूनचा शेवट उजाडला तर मी फार आशा धरणार नाही, कारण त्यानंतर त्यांना परतीचे वेध लागतात.

कुठल्या कप्प्यात पिल्लं जिवंत सापडली तर ज्या कप्प्यातली त्याच कप्प्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही, बिनधास्त उचला. तीन आठवड्यांपेक्षा मोठी असतील तर ती घाबरून बाहेर उडी मारतात, म्हणून थोडा वेळ दारात फडका कोंबून ठेवा, शांत झाली की आठवणीने काढा. जखमी असतील तर लायसन्सवाल्या वाइल्डलाइफ रिहॅबकडे (जखमी वन्य पशुपक्ष्यांवर उपचार करणारे) द्या, घरी पाळायला जाऊ नका, अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यात ते बसत नाही.

वादळापेक्षा मला जास्त भीती त्यामागून येणाऱ्या झडीची वाटते. हे पक्षी खातात ते उडते किडे, उडता उडताच पकडून, आणि सलग दोन-तीन दिवस गार पाऊस लागला की किडेच उडत नाहीत. जून 1972 मध्ये ॲग्नेस वादळात पेनसिल्व्हेनियाकडे मार्टिन मोठ्या संख्येने मेले ते असेच, घरं धड उभी असताना उपाशी. तेव्हा आता पुढे पाऊस दिसत असेल तर क्रिकेट, म्हणजे रातकिडे, आणून ठेवा, चमच्याने उंच उडवलेत तर काही जण हवेत झेलायला शिकतात.

बाकी चिमण्यांवर लक्ष ठेवा. आपल्याकडची गरीब बिचारी चिमणी इथे अमेरिकेत गुंड आहे, रिकामा कप्पा दिसला की घुसते आणि मार्टिनची अंडी फोडते. तिला इथे कायद्याचं संरक्षण नाही, तेव्हा तिचं घरटं बघाल तेव्हा काढा. आणि खांब उभा केल्यावर खालचा प्रिडेटर गार्ड (शिकारी प्राणी वर चढू नयेत म्हणून खांबाला लावायचा अडसर) घाईत राहून जातो, तो त्याच दिवशी बसवा, टेक्सासचे रॅट स्नेक सरळ खांबावरून चढतात.