पुनर्वसन वसाहतीतील रोजगारासाठी निधी मागताना

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतीतील रहिवाशांना काम मिळवून देण्यासाठी तुम्ही प्रथमच कंपन्यांकडे सीएसआर निधीचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या निधीचा, अर्ज करत आहात, म्हणून अनुभवाने कळलेले थोडे सांगते. कागदपत्रांचे आधी उरकून घ्या: संस्थेची प्राप्तिकर कायद्याखालची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, शिवाय १ एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणीही बंधनकारक आहे.

खरा कस लागतो तो अडचण मांडताना. माझा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण मी ‘बेरोजगारी’, ‘कौशल्याचा अभाव’ असे ढोबळ शब्द लिहिले होते आणि जिन्यात बसून लसूण सोलणाऱ्या बायका मला रोज जे सांगत होत्या, ते त्यात कुठेच नव्हते. रुळांलगतच्या झोपडीतून २२५ चौरस फुटांच्या घरात आल्यावर छप्पर पक्के झाले, पण चालत जाण्याच्या अंतरावरची धुण्याभांड्यांची कामे सुटली. आता हार्बर लाइनने कामाला जायचे, तर अंगणवाडी सुटल्यावर मूल कोण सांभाळणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. म्हणून अंदाजपत्रकात शिलाई यंत्रांच्या आधी पाळणाघर आणि पहिल्या ३ महिन्यांचा रेल्वे पास धरा.

किती जणींना प्रशिक्षण दिले यापेक्षा ६ महिन्यांनंतर किती जणी कामावर टिकल्या, हा आकडा देण्याचे कबूल करा आणि तो झेपेल एवढाच ठेवा; फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी अंगाशी येतो. अर्ज पाठवण्यापूर्वी त्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘असं नाही हो ताई’ असे त्या जिथे म्हणतील, तेवढा भाग पुन्हा लिहा.