फॉल्स सीलिंग राहू द्या, सासूबाईंचं व्याज कुठे गेलं?

बडोद्याहून, मांजलपूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून कामापुरतं देतो:

"घरात पाऊल ठेवलं की डोकं चढतं. टू बीएचके, पहिला मजला, खिडकीखाली रस्ता. मिस्टर ५२ वर्षांचे, मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरीला. हातात ७८ हजार येतात, घराचा हप्ता १९ हजार. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घर जरा निवांत वाटावं म्हणून इंटिरियरवाल्याला बोलावलं. त्याने ६ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलंय. त्यात फॉल्स सीलिंग, लपवलेले दिवे, भिंतीला पॅनेल, हॉलमध्ये छोटं कारंजं आणि झोपाळा काढून त्या जागी रिक्लायनर. बँक पर्सनल लोन द्यायला तयार आहे, १३ टक्क्यांनी. घ्यावं का? सासूबाईंचे (वय ७८) १२ लाख एफडीत होते, पण गेल्या मार्चमध्ये ती मोडून बँकेतल्या मॅडमनी सुचवलेला गॅरंटीड प्लॅन घेतला. वर्षाला २ लाख ४० हजार, दहा वर्षं. प्रत्येक हप्त्याचे बारा वर्षांनी दुप्पट, त्यामुळे ती काळजी नाही. बाकीचे पैसे सासूबाई आणि मिस्टरांच्या जॉइंट बचत खात्यात आहेत, हप्ता तिथूनच कापला जाईल. सासूबाई मात्र हल्ली फार चिडचिड करतात, दर आठवड्याला पासबुक भरून आणायला लावतात. नणंदही फोनवर आईच्या पैशांचं विचारत असते."

ताई, लोन घेऊ नका. पाच वर्षांसाठी महिन्याला साडेपंधरा हजार, एकूण सव्वानऊ लाख. घराचा हप्ता धरून साडेचौतीस हजार, म्हणजे निम्म्याच्या आसपास पगार हातात येण्याआधीच गेला. कारंज्याच्या झुळझुळीने मन शांत होतं असं सांगणारा माणूस हप्त्याच्या तारखेला तुमच्या घरी नसतो.

आता जिथे तुम्ही "ती काळजी नाही" असं लिहून पुढे सरकलात, तिथे परत येऊ. तो गॅरंटीड प्लॅन म्हणजे विमा पॉलिसी. मी तिच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला होता, तो तुम्ही पाठवलात. पॉलिसीधारक: मिस्टर. विमा: मिस्टरांचा. नॉमिनी: तुम्ही. पैसे आईंचे, आणि अख्ख्या कागदावर आईंचं नाव कुठेही नाही. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला दिसतंय. पण नणंदबाईंनी हा कागद पाहिला तर त्यांना काय दिसेल, ते एकदा त्यांच्या जागी बसून वाचा.

मुदतीचा हिशेब तर याहून वाईट आहे. २ लाख ४० हजार दहा वेळा म्हणजे २४ लाख. आईंकडे होते १२. पाचवा हप्ता भरला की ते संपले. सहावा येईल तेव्हा मिस्टर छप्पन्नचे असतील आणि तिथून पुढचे १२ लाख त्यांच्या खिशातून जाणार, म्हणजे महिन्याला वीस हजार. अठ्ठावन्नला निवृत्ती असेल तर शेवटचे दोन-तीन हप्ते पगार थांबल्यावर भरायचे. आणि पहिला पैसा परत येईल बाराव्या वर्षानंतर, आई ८९ वर्षांच्या असताना! आईंच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ज्या मॅडमनी हे गळ्यात घातलं त्यांनी आईंचं वय विचारलं होतं का, कुणास ठाऊक. पहिल्या हप्त्यावरचं कमिशन मात्र नक्की विचारलं असणार.

"दुप्पट" या शब्दावर मी रोज लोक घसरताना बघतो. ७२ ला वर्षांनी भागलं की वर्षाचा व्याजदर साधारण कळतो: ७२ भागिले १२, आले ६. सहा टक्के. एफडी साडेसात देत होती. "पण हे करमुक्त आहे ना?" असं मॅडम म्हणतील. आईंचं वर्षाचं व्याज नव्वद हजार होतं, त्यावर कर लागतच नव्हता. जो कर नव्हता तो वाचवायला दीड टक्का सोडला.

नव्वद हजार म्हणजे महिन्याला साडेसात हजार. त्यातून औषधं, भजनी मंडळाची वर्गणी, नातीच्या हातावर वाढदिवसाची नोट असं काहीतरी जात असणार. आता पासबुकात तिमाहीला सहा हजार बचत खात्याचं व्याज पडतं आणि महिन्याची ती ओळ एप्रिलपासून गायब आहे. त्या दर आठवड्याला पासबुक भरायला का पाठवतात? ती ओळ आली का बघायला. याला तुम्ही चिडचिड म्हणता.

तेव्हा मार्चचा दुसरा हप्ता भरू नका. फक्त खातं रिकामं केलंत तर हप्ता परत जाईल, पण दंड बसेल. म्हणून आधी बँकेत लेखी अर्ज देऊन ऑटो-डेबिटचं मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी, रद्द करा आणि पोच घ्या. मग उरलेले ९ लाख ६० हजार पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याचा दर ८.२ टक्के, एकदा खातं उघडलं की पाच वर्षं तोच राहतो. वर्षाला साधारण ७९ हजार, तिमाहीला पावणेवीस हजार. जॉइंट खातं यात फक्त नवरा-बायकोचं होतं, त्यामुळे हे एकट्या आईंच्या नावावर उघडेल, आणि तेच बरं आहे. नॉमिनी कोण हे त्यांनाच विचारा, शक्यतो नणंदबाई फोनवर असताना. दर महिन्यालाच ओळ दिसायला हवी असेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे, ७.४ टक्के, एका नावावर कमाल ९ लाख. दर थोडा कमी, पण पासबुकाच्या दृष्टीने मला तीही पसंत आहे. निवड आईंची.

भरलेला पहिला हप्ता? कागद आवडला नाही म्हणून परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर वर्ष सरल्यावर कंपनीला काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, द्यावंच लागतं. आकडा कंपनीकडून लेखी घ्या, आणि तो वाचून रडू येईल अशी तयारी ठेवा. बरोबरच कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या: सत्त्याहत्तर वर्षांच्या विधवा बाईची एफडी मोडायला लावून, मुलाच्या नावे, "एफडीसारखंच" म्हणून विकलं. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर त्यांचे प्रिंट जोडा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. सगळे पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. तोंडी सांगितलेलं सिद्ध करणं अवघड असतं आणि सही तर मिस्टरांनी केलीच आहे.

कुणी म्हणेल, पहिला हप्ता बुडाला असं धरलं तर पुढच्या पैशांवर वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास पडतात, मग चालू का ठेवू नये? गणित चुकीचं नाही. तिशीतल्या माणसाने स्वतःच्या पगारातून भरायचे असते तर मी इतका आवाज चढवला नसता. पण हे पैसे आईंचे आहेत आणि त्यांना ते आत्ता लागतात.

राहिलं घर. इंटिरियरवाल्याच्या कोटेशनमध्ये रस्त्याच्या आवाजावर एक रुपयाही नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? पॅनेल आणि सीलिंग तुमच्याच घरातला घुमणारा आवाज थोडा खातील, रिक्षाचा हॉर्न नाही. तो फटींतून येतो, आणि सरकत्या खिडक्यांना फटी असतातच. रस्त्याकडच्या बेडरूमची एकच खिडकी बदला: सरकती नको, उघडझाप करणारी, चारी बाजूंनी रबर, जाड लॅमिनेटेड काच. तीन ठिकाणी भाव विचारा. बाकीच्या खिडक्यांना रबराची पट्टी आणि जाड पडदे. हॉलमधल्या पांढऱ्याफटक ट्यूबऐवजी रात्रीसाठी पिवळसर दिवे, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं बघून. हे सगळं या दिवाळीच्या बोनसमधून, रोखीने. बोनस पुरला नाही तर पडदे पुढच्या वर्षी.

आणि झोपाळा काढायचं खूळ डोक्यातून काढा. तो कुरकुरतो, त्याने डोकं उठतं, असं पत्रात खाली लिहिलंयत. कड्यांना तेल घाला, हुक झिजला असेल तर बदलून घ्या. दिवसभर त्यावर कोण बसतं हेही तुम्हीच लिहिलंय.

तेलाचं काम रविवारी करा. मँडेटच्या अर्जाला मात्र रविवार नको, आणि महिन्याचा दुसरा-चौथा शनिवारही नको, बँक बंद असते. मिस्टरांना अर्धा दिवस रजा टाकायला सांगा, आणि जाताना आईंचं पासबुक बरोबर न्यायला.