रांग, गोंगाट आणि दुखरे गुडघे : थीम पार्कला जाण्याआधी

थीम पार्कबद्दल आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. राइडची भीती फार थोड्यांना वाटते. बहुतेकांना त्रास होतो तो दोन राइडच्या मधल्या वेळात : रांगेत, उन्हात, स्वच्छतागृहात, गर्दीतून वाट काढताना. म्हणून उत्तरांतही राइडपेक्षा या मधल्या वेळाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. झोपाळा, घसरगुंडी, गोल फिरणं त्याला प्रचंड आवडतं. पण गर्दीत आणि मोठ्या आवाजात तो कान दाबून खाली बसतो, कधी ओरडायला लागतो. त्याला थीम पार्कला न्यावं का?

न्या. ज्या मुलाला गरगर फिरणं आणि वेग हवाहवासा वाटतो, त्याला राइड मानवण्याची शक्यता चांगली असते. कसोटी लागेल ती रांगेत. तिथे लोकांचे धक्के, स्पीकरवरचं संगीत, अंधारा बोगदा आणि 'अजून किती वेळ' हे न कळणं असं सगळं एकदम अंगावर येतं.

आधी आवाजाचं बघू. कान पूर्ण झाकणारे इयरमफ मुलांसाठी सगळ्यात सोपे, कारण ते नीट बसलेत की नाही हे बाहेरून दिसतं. फोमच्या इयरप्लगच्या पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेलं असलं, तरी तो अर्धवट घातला तर कित्येकदा निम्माही आवाज अडत नाही. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या टोकाला धरून वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नॉइज-कॅन्सलिंग हेडफोन यंत्रांची सततची घरघर छान कमी करतात, पण अचानक उठलेली किंकाळी किंवा फटाका त्यांना तेवढा अडवता येत नाही. तुमच्या मुलाला नेमका कुठला आवाज टोचतो, हे पाहूनच साधन निवडा.

इयरमफ घालून जोरदार राइडवर सहसा बसू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे : वेगात उडालेली वस्तू मागच्याच्या तोंडावर बसते. म्हणजे आवाज सगळ्यात मोठा असतो तेव्हाच इयरमफ काढावे लागतात. तेवढ्या वेळासाठी इयरप्लग चालतात का, हे घरी निदान दोन आठवडे रोज थोडा वेळ घालून बघा. त्याला ते सोसत नसतील तर आवाजाच्या राइड यादीतून काढा आणि मोकळ्या हवेतल्या ठेवा. दिवसभर, शांत जागीही कान झाकून ठेवू नका. कानाला शांततेची सवय झाली की साधा आवाजही मोठा वाटू लागतो.

आता रांग. बऱ्याच मोठ्या पार्कमध्ये अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळी सोय असते. रांग रद्द होत नाही; परत यायची वेळ मिळते आणि तोवर बाहेर, सावलीत थांबता येतं. नियम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमध्ये ही सेवा २०१३ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये तिचे निकष आवळले आणि ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी ठेवली. काही पार्कना आधी ऑनलाइन नोंदणी लागते, दारात सांगून भागत नाही. तेव्हा तिकिटाआधी संकेतस्थळावरचं त्याबद्दलचं पान वाचा. बोलताना निदानाचं नाव एकदाच सांगा आणि मग काय होतं ते सांगा : 'दाटीत दहा मिनिटं झाली की तो जमिनीवर बसतो आणि स्वतःच्या डोक्यावर मारून घेतो.' समोरच्या माणसाला सोय ठरवायची असते. त्याला आजाराच्या नावापेक्षा या वाक्याचा उपयोग होतो.

२०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली, गळ्यात घालायच्या हिरव्या पट्टीवरच्या सूर्यफुलांची खूण आता अनेक देशांत ओळखतात. न दिसणारी अडचण आहे, एवढंच ती सांगते. तिने रांग चुकत नाही.

घरच्या तयारीत राइडचे व्हिडिओ जरूर दाखवा, पण त्यात वारा, झटके आणि दांडीचा दाब नसतो हेही सांगून ठेवा. दिवसाचा क्रम चित्रांत मांडा आणि त्यात 'राइड बंद असेल तर' असं एक चित्र ठेवाच. ठरलेली राइड ऐनवेळी बंद निघणं हे मुलं बिथरण्याचं फार मोठं कारण असतं आणि घरचे नेमकं तेच विसरतात. रांगेत शिरण्याआधी कर्मचाऱ्याला तीन गोष्टी विचारा : आत कुठे दार बंद करून थांबवतात का, अंधार किंवा लुकलुकणारे दिवे आहेत का, आणि राइडवर न बसता बाहेर पडायची वाट कुठे आहे. अशी वाट जवळजवळ नेहमी असते.

स्वच्छतागृहातली हात वाळवायची यंत्रं आणि आपोआप सुटणारा फ्लश पुष्कळ मुलांना राइडपेक्षा जास्त घाबरवतात. बरोबर चिकटचिठ्ठ्या ठेवा. फ्लशच्या सेन्सरच्या काळ्या डोळ्यावर एक चिठ्ठी लावली की त्याला कोणीतरी बसलेलं आहे असंच वाटत राहतं. मूल बाहेर पडलं की चिठ्ठी काढायची, मगच पाणी सुटतं. हात पुसायला स्वतःचा रुमाल न्या.

विश्रांती घड्याळाप्रमाणे घ्या, मुलाच्या चेहऱ्याकडे बघून नाही. मजेत असलेलं मूल थकल्याचं दाखवत नाही, आणि दाखवतं तेव्हा उशीर झालेला असतो. दर ६० ते ९० मिनिटांनी २० मिनिटं शांत जागा, तो हसत असला तरी. पार्क उघडल्यावरचा पहिला तास सगळ्यात कमी गर्दीचा असतो. महत्त्वाच्या राइड तेव्हा उरका आणि पहिल्या वेळेला अर्ध्या दिवसात परत या.

प्रश्न : वय ४२. माझे सांधे सैल आहेत, गुडघे आणि कंबर दुखते. एका जागी १०-१५ मिनिटं उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला चालता येतं, त्यामुळे व्हीलचेअर मागायला संकोच वाटतो. मुलांबरोबर जायची मात्र फार इच्छा आहे.

संकोच सोडा. चालता येणारी कितीतरी माणसं व्हीलचेअर वापरतात. मोठ्या पार्कमध्ये दिवसाला १० किलोमीटरच्या वर चालणं सहज होतं आणि त्यातला उभं राहण्याचा वेळ वेगळाच. खुर्ची सकाळीच घ्या. दुखायला लागल्यावर घेतली तर उरलेला दिवस फक्त दुखणं सोसण्यात जातो. भाड्याच्या खुर्चीची बैठक बहुधा झोळीसारखी खचलेली असते, त्यात कंबर वाकते. घरून घट्ट उशी न्या, तीच फेरी मारणाऱ्या बोटीच्या कडक बाकावरही कामाला येईल. बरं वाटत असेल तेव्हा रिकामी खुर्ची ढकलत चाला, पण तिच्यावर भार टाकून उभ्या राहू नका, ती सटकते. उतारावर ढकलणाऱ्याने खुर्ची उलटी फिरवून मागे मागे उतरायचं.

घडीचं स्टूल रांगेत नेऊ देतात का, हे आधी विचारा. सगळीकडे परवानगी नसते.

अंधारीचं कारण असं : उभं राहिल्यावर रक्त पायांत साचतं आणि पोटऱ्यांचे स्नायू हलल्याशिवाय ते नीट वर चढत नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे उन्हात हा त्रास वाढतो. रांगेत पाय एकमेकांवर कातरीसारखे ठेवून मांड्या आणि नितंब आवळा, ३० सेकंदांनी सोडा, पुन्हा आवळा. मधूनमधून टाचा उचला, मुठी घट्ट मिटा. पोटापर्यंत येणारे दाबमोजे पोटरीपर्यंतच्या मोज्यांपेक्षा जास्त उपयोगी, पण उन्हात ते सोसतात का हे घरी घालून पाहा. लांब रांगेच्या १५ मिनिटं आधी अर्धा लिटर पाणी थोड्या वेळात पिऊन घेतल्याने बऱ्याच जणांना फरक पडतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. डोळ्यांपुढे धूसर व्हायला लागलं की लगेच खाली बसा, लोक बघतील याचा विचार करू नका. आणि ही अंधारी नेहमीचीच असेल, तपासणी झाली नसेल, तर पार्कच्या आधी डॉक्टरांकडे जा. झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब मोजला की बरंच कळतं.

ओला करून गळ्यात घालायचा थंड टॉवेल पाणी उडून गेल्यामुळे गार होतो. हवा दमट असेल तर पाणी उडतच नाही, तो नुसता ओला राहतो. तिथे मनगटं आणि तळवे गार पाण्यात बुडवणं जास्त चांगलं.

राइड निवडताना उंचीपेक्षा झटके बघा. लाकडी रोलर कोस्टर पोलादीपेक्षा जास्त खडखडतो. मागच्या ओळीला उतारावर ओढ जास्त बसते, मधल्या ओळी सौम्य. त्यातही थेट चाकांवर येणारी ओळ टाळा. सैल खांदे असतील तर हात वर करू नका, कोपरं अंगाशी ठेवा. डोकं मागच्या टेकूला आधीपासून टेकवून ठेवा, विशेषतः ब्रेक लागण्यापूर्वी. आणखी एक प्रश्न कर्मचारी विचारतील, त्याचं खरं उत्तर द्या : राइड मध्येच थांबली तर जिना किंवा शिडी उतरता येईल का? खुर्चीतून सीटवर बसणं जमलं म्हणजे झालं नाही. वर अडकल्यावर उतरवताना पायच वापरावे लागतात.

दुखण्याची गोळी डॉक्टरांनी ठरवून दिलेलीच घ्या. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, म्हणून घामाघूम दिवसात 'आणखी एक घेऊ' करू नका. बूट निदान दोन आठवडे वापरलेले हवेत. पाय दुपारपर्यंत सुजतात, तेव्हा नाड्या सोडून पुन्हा बांधा. टाचेला चुणचुणलं की त्याच क्षणी चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून काही साधत नाही.

प्रश्न : मला (वय २६) अंगाला ओलं कापड चिकटलेलं सहन होत नाही आणि छातीवर दाब आला की गुदमरल्यासारखं होतं. तरी रोलर कोस्टरवर बसायचं आहे.

मांडीवर येणारी दांडी असलेला कोस्टर निवडा, खांद्यांवरून येणारं कडं असलेला नको. आत जाण्याआधी बाहेरून गाडी पाहून हे ठरवता येतं. दांडी टप्प्याटप्प्याने, टकटक करत खाली येते आणि वर जात नाही. म्हणून ती ओढायच्या आधीच कंबर सीटच्या अगदी मागे टेकवा, पाठ ताठ करा, श्वास घ्या आणि मग हळूहळू खाली घ्या. पुढे सरकून बसलात तर ती पोटावर रुतते. कर्मचारी येऊन दांडी दाबतो, तो स्पर्शही बऱ्याच जणांना नको असतो. 'मी स्वतः लावतो, तुम्ही ओढून तपासा' असं आधीच म्हणा. तपासणी तो करणारच, आणि ती व्हायलाच हवी. दोघांत एकच दांडी असेल तर ती जाड माणसाच्या मांडीला अडते आणि दुसऱ्याच्या मांडीवर फट राहते, त्यामुळे बरोबर कोण बसतंय हेही बघा.

पाण्याच्या राइड दिवसाच्या शेवटी ठेवा. सुती कपडे आणि जीन्स तासन्‌तास ओल्या राहतात. पातळ सिंथेटिक कपडे लवकर वाळतात, पण शिवणी टोचत असतील तर आधी एकदा भिजवून घालून पाहा. कोरडा जोड, अंतर्वस्त्रांसह, हवाबंद पिशवीत. मोजेही बदला : ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते आणि फोड येतात.

प्रश्न : गोल फिरणाऱ्या आणि पडद्यासमोर हलणाऱ्या राइडनंतर दिवसभर मळमळतं.

कानाच्या आतल्या नळ्यांतला द्रव राइड थांबल्यावरही काही सेकंद फिरत राहतो, म्हणून उतरल्याबरोबर चालायला लागू नका, डोकं सरळ ठेवून मिनिटभर बसा. फिरताना आपल्याच डब्यातल्या एका स्थिर वस्तूवर नजर ठेवा. पडद्याच्या राइडमध्ये डोळे मिटले की डोळ्यांचा आणि कानाचा विरोध संपतो आणि मळमळ बहुधा कमी होते. गोळी घ्यायची तर साधारण तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर जठर मंदावतं, गोळी पुढे सरकत नाही. यातल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. अर्धशिशी किंवा प्रकाशाने येणारी फिट असेल तर लुकलुकत्या दिव्यांच्या राइडला जाऊ नका. अचानक समोर आलेच, तर एक डोळा तळव्याने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून प्रकाश आत जातो.

प्रश्न : एवढं करूनही मुलगी पार्कमध्ये कोसळली, रडून लोळायला लागली, तर?

बोलणं थांबवा. समजूत, प्रश्न, आमिष, रागावणं, या सगळ्याने भार वाढतोच. एकच मोठा माणूस जवळ राहील, दुसरा भावंडांना घेऊन लांब जाईल, आणि कोण काय करणार हे घरीच ठरलेलं हवं. तिला भिंतीकडे तोंड करता येईल अशी सावलीची जागा बघा, गर्दीच्या बाजूला स्वतः बसा. तिला हवी असेल तरच मिठी. प्रथमोपचार कक्ष बहुतेक ठिकाणी गार आणि शांत असतो, पलंगही असतो. जखम नसली तरी तिथे जायला हरकत नाही, म्हणून तो नकाशावर सकाळीच शोधून ठेवा. शांत झाल्यावरही अर्धा तास काही मागू नका, आणि 'आता एक मोठी राइड करू' असं तर मुळीच नाही.

पळून जाण्याची सवय असेल तर सकाळी दारातच त्या दिवसाच्या कपड्यांतला तिचा फोटो काढा आणि तुमचा फोन नंबर तिच्या कपड्यांच्या आत शिवा किंवा मनगटावर लिहा. ती दिसेनाशी झालीच, तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगा आणि सगळ्यात आधी तळी, कारंजी, पाण्याच्या राइड यांच्याकडे माणसं धाडा. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं पाण्याकडे ओढली जातात. खाऊची दुकानं आणि आवडीची राइड त्यानंतर शोधा.