वाचक विचारतात : प्रोटीनला गॅस कळतो म्हणजे नेमकं काय?

मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं की काही प्रोटीन्सना, म्हणजे पेशींमध्ये कामं करणाऱ्या मोठ्या रेणूंना, हवेतला एखादाच गॅस ओळखता येतो, ऑक्सिजन म्हणा की कार्बन मोनॉक्साइड. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले चार घेतेय.

प्रश्न : आमची इंदूरजवळ सांवेरकडे शेती आहे. सोयाबीनच्या बियाण्याला दरवर्षी बॅक्टेरियाचं कल्चर लावतो. मुळांवरच्या गाठी फोडल्या की काही गुलाबी निघतात, काही पांढऱ्या. याचा गॅसशी काही संबंध आहे का?

आहे दादा, अगदी सरळ संबंध आहे, आणि तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं एक रोप हलक्या हातानं उपटायचं, मुळं पाण्यात धुवायची आणि मोहरीएवढी गाठ नखानं चिरायची. आत गुलाबी-लालसर दिसलं तर गाठ कामाला लागलीय. पांढरी असेल तर अजून सुरुवात नाही, हिरवट असेल तर तिचं काम संपलं. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा झाडातला भाऊच.

आता गंमत बघा, गाठीतला बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन पकडतो तो नायट्रोजिनेज नावाच्या एन्झाइमनं, आणि हे एन्झाइम ऑक्सिजन लागला की खराब होतं, पण बॅक्टेरियाला स्वतःला जगायला ऑक्सिजन तर पाहिजेच. म्हणून लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन अगदी थोडा थोडा पोचवतं. आणि बॅक्टेरियाला आपण गाठीच्या आत आलो हे कळतं फिक्स-एल नावाच्या प्रोटीनमुळे. त्यात हीम नावाचा कड्यासारखा एक रेणू असतो, त्याच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. ऑक्सिजन त्या लोखंडावर येऊन बसला की प्रोटीनचा आकार जरासा बदलतो आणि त्याचं काम बंद. ऑक्सिजन कमी झाला, लोखंड मोकळं झालं, की फिक्स-एल फॉस्फेट उचलून फिक्स-जे या जोडीदाराला देतं आणि कमी हवेत श्वास घ्यायची वेगळी यंत्रणा सुरू होते. मेथीच्या गाठींत तर हाच निरोप पुढे नायट्रोजन पकडणाऱ्या जीन्सपर्यंत जातो. फिक्स-एलच्या या गॅस ओळखणाऱ्या भागाची रचना 1998 मध्ये प्रसिद्ध झाली ती सोयाबीनच्याच बॅक्टेरियातली, म्हणजे तुमच्या कल्चरच्या पाकिटात असतो त्याच जातकुळीतली.

तुमच्या कामाचं सांगते. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचून राहिलं तर गाठींना लागतो तेवढाही ऑक्सिजन मिळत नाही आणि त्या मंदावतात, त्यामुळे पाणी निघून जायला चर पाहिजेतच. युरिया जास्त पडला तरी गाठी कमी धरतात. बुरशीनाशक आधी लावा, कल्चर सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीतच सुकवा. कल्चर म्हणजे जिवंत बॅक्टेरिया आहेत हो, उन्हात मरतात.

प्रश्न : बाथरूममधल्या गॅस गीझरनं माणूस गुदमरतो असं ऐकते. शरीराला ऑक्सिजन कळतो म्हणता, मग जीव घाबरा होऊन आपण बाहेर का नाही पळत? – रामबागेतून एक वाचक

काकू, हे सगळ्यांनी नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. मानेत जिथं मोठी धमनी दुभागते तिथं तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, तो रक्तातला ऑक्सिजन मोजतो. पण मोजतो तो रक्तात विरघळलेला, हिमोग्लोबिनवर बसलेला नाही. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागाच अडवतो, विरघळलेला ऑक्सिजन मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून धोक्याची घंटा वाजतच नाही. गॅसला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणसाला वाटतं पित्त झालंय. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरसुद्धा अशा वेळी फसवं, नॉर्मल आकडा दाखवू शकतं. तेव्हा गीझर बाथरूमच्या बाहेरच बसवून घ्या, थंडीत झरोका कापड कोंबून बंद करू नका, आणि घरात कुणाला असं झालं तर आधी मोकळ्या हवेत न्या आणि लगेच दवाखाना गाठा.

आपल्याला न कळणारा हा गॅस काही बॅक्टेरियांना मात्र बरोबर कळतो. पॅराबर्खोल्डेरिया झेनोव्होरान्स नावाच्या बॅक्टेरियात आरकॉम नावाचं प्रोटीन असतं, तेही हीमवालंच, कार्बन मोनॉक्साइड पकडण्यात पटाईत. त्यात फेरफार करून अमेरिकेतल्या संशोधकांनी 2025 मध्ये उंदरांवर प्रयोग केले आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड भराभर बाहेर पडला. माणसांसाठी अजून नाही, आज उपाय शुद्ध ऑक्सिजनचाच. पण मी हे वाचलं तेव्हा खरंच भरून आलं.

प्रश्न : मी बायोटेक सेकंड इयरला आहे. इंडस्ट्रीत याचा उपयोग काय?

तुला दोनच सांगते. सोयाबीनचं तेच फिक्स-एल घेऊन 2009 मध्ये त्याचा गॅस ओळखणारा भाग काढला आणि दुसऱ्या बॅक्टेरियाचा निळा प्रकाश ओळखणारा भाग जोडला, तर प्रोटीन चक्क उजेडावर चालू-बंद व्हायला लागलं! यातूनच 2012 मध्ये पीडस्क आणि पीडॉन ही प्लाझमिड्स, म्हणजे बॅक्टेरियात घालायची डीएनएची छोटी कडी, आली, एकात अंधारात जीन चालू, दुसऱ्यात निळ्या उजेडात.

दुसरं एफएनआर नावाचं प्रोटीन, ई. कोलाय या बॅक्टेरियातलं. यात हीम नाही, लोखंड आणि गंधकाचे चार-चार अणू एकत्र बांधलेले असतात आणि ऑक्सिजन लागला की ती जुळणी मोडते. मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून पीकेयू या जन्मजात आजारासाठी असे बॅक्टेरिया बनवले की त्यांचे कामाचे जीन्स आतड्यात पोचल्यावरच चालू व्हावेत. माणसांवर चाचण्याही झाल्या. परीक्षेसाठी नाही, समजण्यासाठी म्हणून एफएनआर आणि फिक्स-एल शेजारी-शेजारी ठेवून वाच, एकाच ऑक्सिजनसाठी दोन किती वेगळ्या युक्त्या आहेत ते दिसेल.

प्रश्न : आढीत एक आंबा पिकला की बाकीचे कसे पिकतात?

इथिलीन गॅसमुळे. झाडांमधल्या ईटीआर-1 सारख्या प्रोटीनमध्ये तांबं असतं, इथिलीन त्या तांब्यावर बसतो. गॅस नसताना हे प्रोटीन ‘पिकू नको’ असंच सांगत असतं, इथिलीन आला की ते गप्प होतं. इंदूरच्या चोइथराम मंडीतून कच्चे आंबे आणले तर कागदाच्या पिशवीत एक पिकलेलं केळं घालून ठेवा, रोज एकदा उघडून बघा, आणि ज्याला डाग पडला तो आधी बाहेर काढा. कार्बाइड घरात नकोच, त्यावर बंदी आहे. दुकानदारांना इथिलीन गॅस वापरता येतो, 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग.