पीटीएसडी आणि मेंदूतल्या वाढीच्या घटकांचा (बीडीएनएफ) काय संबंध आहे?

संबंध आहे, पण ‘बीडीएनएफ कमी म्हणून पीटीएसडी’ इतका सरळ नाही. पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणाऱ्या भीतीचा आजार.

बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारं आणि त्यांच्यातले जोड घट्ट करणारं प्रथिन. बार्ड आणि थोनेन या संशोधकांनी १९८२ मध्ये ते डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं.

अपघातातून वाचलेला माणूस ट्रकचा हॉर्न ऐकला की वर्षभरानंतरही घामाघूम होतो. ही भीती ओसरते ती जुनी आठवण पुसली गेल्यामुळे नव्हे. ‘आता धोका नाही’ हे मेंदू नव्याने शिकतो म्हणून. या शिकण्याला बीडीएनएफ लागतं. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोतल्या संशोधकांनी, आवाज झाला की शॉक बसणार या धास्तीने जागीच थिजणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, कपाळामागच्या एका छोट्या भागात ते सोडलं. वेगळा सराव न देताही त्यांचं थिजणं कमी झालं!

मात्र अमिग्डालात, म्हणजे मेंदूतल्या भीतीच्या केंद्रात, हेच प्रथिन भीती पक्कीही करतं. त्यामुळे ते सरसकट वाढवणं हा उपाय नव्हे. रक्तातल्या पातळीबद्दलचे अभ्यासही एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा निदानासाठी ती तपासणी करण्यात पैसे घालवू नका. नियमित व्यायाम जरूर करा, त्याने बीडीएनएफ वाढतं. पण मानसोपचार सोडून नाही.