अमेरिकेतील लहान मुलांचे शाळेतील कपडे कसे बदलत गेले?

‘अमेरिकेत लहान मुले पूर्वी गणवेश घालत असत का, आणि आता ती जीन्स-टीशर्टमध्ये शाळेत कशी जातात?’ असा आपला प्रश्न आहे. सरकारी शाळांपुरते सांगायचे तर गणवेश तिथे मुळात रूढच नव्हता. मात्र गणवेश नव्हता म्हणजे मोकळीक होती, असे मुळीच नाही. मुलींना तर ती नव्हतीच, आणि हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही.

वडिलांच्या संशोधनामुळे 1968 साली आम्ही मिशिगनमध्ये राहायला गेलो तेव्हा मी पहिलीत होते. मुलींनी फ्रॉक किंवा स्कर्टच घालायचा, असा शाळेचा नियम होता. तिथल्या जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो, म्हणून आम्ही मुली फ्रॉकखाली जाड विजार चढवून बर्फातून शाळेत जात असू आणि वर्गात शिरण्यापूर्वी कोटाच्या खुंट्यांपाशी ओळीने उभ्या राहून ती उतरवत असू. बूट काढायचे, विजार काढायची, पुन्हा बूट चढवायचे. मधल्या सुट्टीत हाच खटाटोप उलट क्रमाने, आणि तोवर मुलगे मैदानात पोहोचलेलेही असत. आईने मला तपकिरी फ्लॅनेलची विजार शिवली होती. कमरेला इलॅस्टिक आणि गुडघ्यांना आतून दुहेरी कापड. एकदा ती न उतरवता मी जागेवर बसले, तेव्हा बाईंनी सर्वांदेखत मला उठवून बाहेर पाठवले. दुसऱ्या दिवशी आई साडीवर कोट चढवून मुख्याध्यापकांकडे गेली आणि गारठलेल्या पायांनी मुलीने अभ्यास कसा करायचा, एवढेच तिने मोजक्या इंग्रजीत विचारले. नियम त्या वर्षी बदलला नाही. तरी तिने विचारले, याचा मला आजही अभिमान आहे.

माझा मोठा भाऊ त्याच शाळेत होता. ते नियम सैल झाले आणि तिथल्या शाळा बिघडल्या, असे तो अजूनही म्हणतो. दादाला खुंटीपाशी विजार कधी उतरवावी लागली नाही.

वास्तविक एकोणिसाव्या शतकात लहान मुलग्यांनाही झगेच घालत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे अडीच वर्षांचे असतानाचे, 1884 सालचे तसे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे मुलग्यांना गुडघ्याखाली आवळलेली निकरबॉकर आली आणि फुल पँट ही मोठे झाल्याची खूण ठरली. 1930 च्या दशकातील महामंदीच्या काळात खेड्यांतील आया पिठाच्या सुती पोत्यांचे फ्रॉक शिवत, आणि हे पाहून गिरण्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला घेतली. शाळांत लिंगभेदाला बंदी करणारा कायदा 1972 साली झाला आणि त्या सुमारास मुलींच्या पँटवरील बंदीही बहुतेक ठिकाणी उठली. सीअर्स कंपनीने मजबूत गुडघ्यांच्या ‘टफस्किन्स’ जीन्स 1971 मध्ये आणल्या; आईने ती युक्ती आधीच केली होती. 1996 साली मुलांच्या जाकिटांना जोडलेल्या टोप्यांच्या नाड्या काढण्याची शिफारस झाली, कारण त्या घसरगुंडीत अडकून मुले दगावत होती. मुलाला धावता यावे, चढता यावे आणि स्वतःचे कपडे स्वतः घालता यावेत, एवढ्यासाठी झालेला प्रत्येक बदल मी चांगला मानते.

दादा यावर लाँग बीचचा दाखला देतो. कॅलिफोर्नियातील त्या शहराने 1994 साली आठवीपर्यंतच्या वर्गांना गणवेश लावला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी 1996 च्या वार्षिक भाषणात गणवेशाचा पुरस्कार केला, हे खरे आहे. पण उत्तर कॅरोलिनातील, सरकारी पैशावर चालणाऱ्या एका शाळेने बालवाडीपासून मुलींवर स्कर्टची सक्ती केली होती, आणि ती घटनाबाह्य आहे हे ठरवायला अपील न्यायालयाला 2022 साल उजाडावे लागले. तिथेही शाळा शिस्तीचेच कारण देत होती.

एक सांगायचे राहिले: कॅथलिक शाळांत गणवेश फार पूर्वीपासून आहे, आणि पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील निवासी शाळेत 1879 पासून मूळनिवासी मुलांचे केस कापून, अंगावरचे कपडे काढून घेऊन त्यांच्यावर गणवेश लादला गेला. शिवाय माझा अनुभव एकाच गावाचा आहे. काही शहरांत मुलींना पँटची मुभा आधीच मिळाली होती.

आपली मुलगी तिथे शाळेत जाणार असेल, तर प्रवेशापूर्वी नियमावली मागवा आणि मुलींना पँट चालते का, हे पाहा. दादाने नातीसाठी गणवेशाची शाळा सुचवली तेव्हा मी भाचीला हेच सांगितले. गणवेशाला माझी हरकत नाही. पण त्यात मुलींसाठी पँट नसेल तर ती शाळा नको, हे मी दादासमोर बोलले आणि पुन्हा बोलेन.