आजवर फक्त डॅनियल क्रेगचेच बाँडपट पाहिलेत. १९६२ चा 'डॉक्टर नो' वीसेक मिनिटं पाहिला, काहीच घडेना म्हणून बंद केला. तो आता पाहण्यासारखा आहे का?

हो, नक्की पाहा. तुम्ही प्रश्नात म्हटलंय की वीसेक मिनिटं पाहिला, काहीच घडेना म्हणून बंद केला. मला वाईट वाटलं, कारण खरी मजा सुरू व्हायच्या जरासं आधीच तुम्ही उठलात.

मीही कॉलेजात असताना भाड्याची कॅसेट आणून हा चित्रपट पाहिला होता, आणि अर्धाअधिक पुढे ढकलत पाहिला होता. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी सलग, पुढे न ढकलता पाहिला आणि थक्क झालो. माझ्या डोक्यात बाँड म्हणजे स्फोट, उडत्या गाड्या आणि घड्याळातून निघणारी शस्त्रं. इथे त्यातलं जवळजवळ काही नाही. मेजर बूथरॉइड नावाचा अधिकारी येतो, बाँडचं जुनं बेरेटा पिस्तूल काढून घेऊन वॉल्थर पीपीके देतो आणि जातो. गाडी म्हणजे एक साधी निळी सनबीम अल्पाइन. पुढे कामाला येतं ते किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, बस्स. सारा खर्च साधारण दहा लाख डॉलरचा, त्यामुळे सगळा भार माणसाच्या डोक्यावर आणि हातावर.

किंग्स्टनच्या हॉटेलातला प्रसंग बघा. ब्रिटिश हेरखात्याचा तिथला माणूस स्ट्रँगवेज नाहीसा झालाय, त्याचा शोध घ्यायला बाँड जमैकात उतरलाय. खोलीत आल्यावर तो बॅगेच्या कुलपांवर पावडर शिंपडतो. मग डोक्यावरचा एक केस उपटतो, थुंकीने ओला करतो आणि कपाटाच्या दोन दारांच्या फटीवर आडवा चिकटवतो. परत आल्यावर केस जागेवर नसतो, म्हणजे कुणीतरी येऊन गेलंय. उघडलेली बाटली तो बाजूला सारतो आणि नवी फोडतो. या सगळ्यात संवाद नाही. शॉन कॉनरी हे सगळं इतक्या सवयीने करतो, की हा माणूस वर्षानुवर्षं असाच परक्या खोल्यांत झोपत आलाय हे न सांगता कळतं. लहानपणी आपण वाचलेल्या रहस्यकथांतला गुप्तहेर हाच. पुढच्या बाँडपटांत यंत्रं वाढत गेली तसा हा माणूस मागे पडत गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच रात्री त्याच्या अंथरुणात विषारी कोळी सोडतात. इथे कॉनरीचा चेहरा पाहा. घामाने डबडबलेला, श्वास रोखून पडलेला, खरोखर घाबरलेला. (कोळी आणि कॉनरी यांच्यामध्ये काच होती. अंगावर प्रत्यक्ष कोळी चालतो ते शॉट स्टंटमन बॉब सिमन्सने दिलेत. सुरुवातीला बंदुकीच्या नळीतून दिसणारी, वळून गोळी झाडणारी आकृतीही त्याचीच, कॉनरीची नाही.)

आणि खलनायक डॉक्टर नोचा हस्तक असलेल्या प्रोफेसर डेंटचा खून. होय, खूनच म्हणायला हवा. बाँड अंधारात पत्ते मांडत वाट पाहत बसलाय. डेंट दबक्या पावलांनी येतो आणि पलंगावरच्या उशांवर सहा गोळ्या झाडतो. मग दोघं बोलतात. बोलता बोलता डेंट पायाने गालिचा ओढून खाली पडलेलं पिस्तूल जवळ आणतो, चाप दाबतो, तर ते रिकामं! गोळ्या संपल्यात हे बाँडला आधीपासून ठाऊक असतं. तो शांतपणे गोळी घालतो, आणि डेंट कोसळल्यावर आणखी एक. क्रेगच्या बाँडमधला थंड क्रूरपणा तुम्हाला भावला असेल तर त्याचं मूळ इथे आहे.

'बाँड, जेम्स बाँड' या वाक्याचंही तसंच. सगळ्यांना ते बाँडच्या रुबाबाचं वाटतं. प्रत्यक्षात जुगाराच्या टेबलावर समोरची बाई आधी म्हणते, 'ट्रेंच, सिल्व्हिया ट्रेंच', आणि तो तिचीच लकब उचलून तिला उत्तर देतो. तोवर कॅमेऱ्याने आपल्याला फक्त त्याचे हात, पत्ते आणि पाठ दाखवलेली असते. पहिल्यांदा पाहताना हे माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं.

केन ॲडमच्या नेपथ्याबद्दल एकच सांगतो. डेंटला कोळी देतात ती खोली बघा. जवळजवळ रिकामी, उतरतं छप्पर, वर एक भलीमोठी गोल जाळी आणि तिची सावली भिंतीवर. खलनायकाचा फक्त आवाज येतो. कमी पैशात दहशत कशी उभी करावी, तर अशी.

आता खटकणाऱ्या गोष्टी. त्या लपवून मी तुम्हाला हा चित्रपट सुचवणार नाही. चिनी वंशाच्या डॉक्टर नोची भूमिका मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेल्या जोसेफ वाइजमनने केलीय, डोळ्यांना रंगरंगोटी करून. नायिका अर्सुला आंद्रेस समुद्रातून वर येते तो प्रसंग जगप्रसिद्ध झाला, पण आवाज तिचा नाही, निकी व्हान डेर झीलचा आहे. मला सगळ्यात जास्त लागला तो क्वॉरल. हा नावाडी बाँडला जिवावर उदार होऊन डॉक्टर नोच्या बेटावर नेतो, आणि बाँड त्याला आपले बूट आणायला सांगतो. ती भूमिका करणाऱ्या जॉन किट्झमिलरला १९५७ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. इतक्या मोठ्या नटाला इथे भुताखेतांना भिणारा भाबडा गडी करून ठेवलंय. चित्रीकरण १९६२ च्या सुरुवातीला झालं तेव्हा जमैका इंग्रजांची वसाहत होती. ६ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि ५ ऑक्टोबरला लंडनमध्ये चित्रपट झळकला. पडद्यावर मात्र गोऱ्या साहेबांचे क्लब आणि राजभवन तसंच चालू आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने हे जवळून पाहिलंय, त्यामुळे ते बुटांचं वाक्य माझ्या कानात राहिलं.

आणि ती धून! तिच्यासाठी तरी पाहाच. संगीतकार माँटी नॉर्मन यांनी त्याआधी व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवरच्या संगीतनाटकासाठी एक गाणं रचलं होतं. ते नाटक रंगमंचावर आलंच नाही. त्रिनिदादमधल्या भारतीय घरातला माणूस त्यात आपल्या अपशकुनी शिंकेबद्दल गातो. तीच चाल नॉर्मन यांनी इथे वापरली, जॉन बॅरी यांनी तिची वाद्यरचना केली, आणि व्हिक फ्लिकच्या गिटारने ती जगभर नेली. घराबाहेर पडताना कुणी शिंकलं की माझी आजी हातावर साखर ठेवून दोन मिनिटं बसायला लावायची. सातासमुद्रापार गेलेल्या आपल्याच कुणा घरातली ती शिंक बाँडच्या मागे वाजतेय हे कळल्यापासून मी ती धून वेगळ्याच कानांनी ऐकतो.

तर पुन्हा लावा. शक्य असेल तर रात्री, दिवे मालवून. त्या हॉटेलच्या खोलीपर्यंत थांबा. कपाटावर केस चिकटवताना पाहूनही कंटाळा आला तर खुशाल बंद करा, मी पुन्हा आग्रह करणार नाही.